घराचा उतारा, आत्यांचा अंगठा आणि ११,९०४ युरो

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर ‘लागणारे पैसे’ असे लिहून खाली रेघ मारली, तेव्हा माझ्या खात्यात १ लाख ४० हजार रुपये होते आणि महिन्याचा पगार १९ हजार होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी गुणवत्ता विभागात काम करत होते. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन दोन वर्षे झाली होती. ब्लोहोल, म्हणजे आत वायूची पोकळी, आल्यामुळे परत आलेले कास्टिंग (ओतीव भाग) रोज हातात घ्यावे लागे. ते भट्टीतील कोणत्या हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे), कोणत्या पाळीचे, हे मी सांगू शकत असे, पण धातू थंड होत असताना आत नेमके काय घडले, हे सांगता येत नसे. ते शिकायचे होते. माझे वडील, आबा, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात मोल्डिंग विभागात आहेत, घरची तीस गुंठे ऊसाची जमीन आहे, आणि आमच्या घरात परदेशी कोणीही गेलेले नव्हते. आज मी जर्मनीत फ्रायबर्ग इथे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. पैसे उभे करायला मला तेरा महिने लागले. त्यांतले किमान चार महिने केवळ क्रम चुकल्यामुळे गेले, म्हणून हा सगळा प्रवास तारखांसह लिहून ठेवते आहे.

जर्मनीचा विचार पैशामुळेच आला. तिथल्या बहुतेक राज्यांतील सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षण शुल्क घेतले जात नाही, दर सत्राला प्रशासकीय वर्गणी तेवढी भरावी लागते. याला अपवाद आहेत आणि ते आधी पाहून ठेवावेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे. फ्रायबर्ग सॅक्सनी राज्यात आहे. इथले खाण व धातुशास्त्राचे विद्यापीठ १७६५ साली स्थापन झाले, जर्मेनियम हे मूलद्रव्य १८८६ साली इथेच सापडले, आणि ओतकामाला वाहिलेली स्वतंत्र संस्था इथे आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या मुलीला याहून अधिक काय हवे होते?

शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असा समज मात्र करून घेऊ नये. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहणीचा खर्च आधीच जर्मनीतील एका विशेष खात्यात भरून ठेवावा लागतो. तिथून तो दरमहा ठरावीक हप्त्याने आपल्याला परत मिळतो. या खात्याला सगळे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. मी वही उघडली तेव्हा ही रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे महिन्याला ९३४ युरो. रुपयांत दहा लाखांच्या वर. माझ्या पगाराने ती रक्कम साठवायची तर एकही रुपया न खर्चता साडेचार वर्षे लागली असती.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने मी परीक्षा आणि प्रमाणपत्रांत घालवले. आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा ऑक्टोबरमध्ये दिली. तिचे शुल्क सोळा हजारांच्या वर होते. त्यानंतर एपीएस प्रमाणपत्र. भारतातील पदवीची कागदपत्रे तपासून ती खरी असल्याचा दाखला देणारी ही व्यवस्था आहे, नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ती सक्तीची झाली आहे आणि तिचे शुल्क १८ हजार रुपये होते. दिल्लीला कुरिअरने पाठवलेल्या कागदांचे उत्तर मला आठ आठवड्यांनी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले. दहावीच्या गुणपत्रिकेवर, पदवीच्या प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर नावाची स्पेलिंग एकच आहे ना, हे अर्ज करण्यापूर्वी एका बैठकीत तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे. माझ्या आडनावात एका अक्षराचा फरक निघाला आणि प्रतिज्ञापत्र करण्यात एक आठवडा गेला.

त्याच काळात रात्री बसून शिष्यवृत्त्यांची माहिती काढत होते. इथे मला पहिला धक्का बसला. महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिक्षणाच्या योजना चांगल्या आहेत. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी या शासकीय संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे, इतर प्रवर्गांसाठीही आहेत. पूर्ण शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळणे हे आमच्यासारख्या घरांसाठी आयुष्य बदलणारे असते. परंतु या योजनांना विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत असण्याची अट होती आणि माझे विद्यापीठ त्या यादीत बसत नव्हते. ज्या विषयात एखादी लहान, जुनी संस्था जगात नावाजलेली असते तिथे एकूण क्रमवारीचा निकष अपुरा पडतो, असे माझे मत आहे, आणि योजना आखणाऱ्यांनी निदान खनिज, धातू, वस्त्र, कृषी अशा शाखांसाठी विषयवार क्रमवारीचा विचार करावा असे मला मनापासून वाटते. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची, म्हणजे डीएएडीची, नोकरीचा दोन वर्षांचा अनुभव असणाऱ्यांसाठीची शिष्यवृत्ती ठरावीक अभ्यासक्रमांपुरती असते; माझा अभ्यासक्रम त्या यादीतही नव्हता. दोन्ही दारे बंद आहेत हे कळायला मला दीड महिना लागला, कारण मी पात्रतेच्या अटी शेवटी वाचत होते. आता कोणी विचारले तर मी सांगते की आधी विद्यापीठाचे नाव यादीत शोधा, मग उत्पन्नाची अट पाहा, आणि बाकीची पाने त्यानंतर उघडा.

उरला तो जे. एन. टाटा एन्डाउमेंटचा अर्ज. ही शिष्यवृत्ती म्हणजे देणगी नव्हे, परत करावयाचे कर्ज आहे, त्याला ‘लोन स्कॉलरशिप’ म्हणतात, आणि रक्कम तेव्हा एक ते दहा लाखांच्या दरम्यान ठरत असे. १८९२ साली हा निधी सुरू झाला, तेव्हा पहिल्या निवडीत दोन स्त्री डॉक्टर होत्या आणि त्यांतील एक कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर होत्या, हे मी अर्ज भरताना वाचले. त्या रात्री आईला उठवून मी ते सांगितले. अर्ज हिवाळ्यात निघतो. मी तो जानेवारीत भरला. त्यानंतर ऑनलाइन चाचणी झाली आणि पुढे विषयतज्ज्ञांसमोर मुलाखत. मुलाखतीत घरच्या परिस्थितीबद्दल एकच प्रश्न होता, बाकी सगळे काम आणि विषय यांबद्दल. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या बिडात, मॅग्नेशियम कमी पडले तर ग्रॅफाइटचा आकार कसा बिघडतो, हे त्यांनी विचारले, आणि ते मी सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो वेळा पाहिलेले होते. नोकरीतली दोन वर्षे वाया गेली असे वाटणाऱ्यांसाठी हे मुद्दाम नोंदवते. निकाल मात्र जुलैपर्यंत येणार नव्हता, आणि तो आपल्या बाजूने लागेल असे गृहीत धरून बसणे परवडणारे नव्हते.

म्हणून शैक्षणिक कर्ज. आणि इथे माझा क्रम चुकला.

माझी समजूत अशी होती की प्रवेशपत्र आले की बँकेत जायचे. जानेवारीच्या शेवटी सहज चौकशी करायला म्हणून कोल्हापुरातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत गेले, तेव्हा तिथल्या अधिकारी मॅडमनी शांतपणे एका कागदावर आकडे मांडून दाखवले. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी चालते, त्यावर स्थावर मालमत्तेचे तारण हवे. शिवाय परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के रक्कम विद्यार्थ्याने स्वतः घालायची. माझा अंदाज चौदा लाख दहा हजारांचा होता, म्हणजे कर्ज बारा लाखांचे. मी तीस गुंठ्यांचा सातबारा पुढे केला. मॅडम म्हणाल्या, “शेतजमीन आम्हाला घेता येत नाही. कर्ज थकलं तर ज्या कायद्यानं आम्ही वसुली करतो, तो शेतजमिनीला लागू नाही. घराचं काय आहे?” हा कायदा म्हणजे २००२ चा सरफेसी कायदा, आणि शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. सातबारा हा आमच्या घरातील सर्वांत मौल्यवान कागद आहे असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या टेबलावर तो बाजूला ठेवला गेला, तेव्हा मला फार वाईट वाटले, पण त्यांनी जानेवारीतच ते सांगितले हे उपकारच झाले.

घर गावठाणात आहे. गावठाणातील घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा असतो, आणि तो मालकीचा पुरावा म्हणून बँकेला पुरत नाही. स्वामित्व योजनेत आमच्या गावाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका, म्हणजे सगळे ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते, तयार झाले होते. मी आनंदाने ते काढायला गेले. कार्डावर नाव आजोबांचे होते. आजोबा २००९ साली वारले. आबांनी पंधरा वर्षे घरपट्टी भरली, पण वारस नोंद केली नव्हती, कारण तशी गरज कधी पडलीच नव्हती. वारस तीन: आबा आणि माझ्या दोन आत्या. म्हणजे आधी वारस नोंद, मग आत्यांचे हक्कसोडपत्र, मग त्यावरून पुन्हा फेरफार, आणि मग तारण. उपअधीक्षक भूमी अभिलेखांच्या कार्यालयातील लिपिकाने हा क्रम सांगितला तेव्हा मी विचारले, किती दिवस लागतील? ते म्हणाले, “कागद पुरे असले तर दोन महिने. एकेक करून आणलात तर वर्ष.” मी हे वाक्य वहीत लिहून घेतले आणि त्यानंतर कोणत्याही कार्यालयात लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी मागितल्याशिवाय परतले नाही.

आत्यांकडे कसे बोलायचे, हा घरातील सर्वांत अवघड विषय होता. हक्कसोड म्हणजे वडिलांच्या घरातील आपला वाटा कायमचा सोडणे. आबांचे म्हणणे होते की पोरीच्या शिक्षणासाठी बहिणींपुढे असा कागद ठेवायला तोंड होत नाही. थोरल्या आत्या गडहिंग्लजला असतात, धाकट्या मिरजेला. शेवटी मी स्वतः गडहिंग्लजला गेले, वही पुढे ठेवली आणि कर्ज किती, फेड कधी, घर कशासाठी गहाण पडणार, फेडता आले नाही तर काय होईल, हे सगळे सांगितले. शेवटचा भागही सांगितला, कारण तो लपवून सही घेणे मला मान्य नव्हते. आत्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मला सातवीतनं काढलं व्हतं शाळेतनं. तू जा. कागद कवा करायचा तेवढं सांग.” घर सुटले की दोन्ही आत्यांची नावे पुन्हा लावायची, असे आबांनी स्वतःहून एका कागदावर लिहून दिले. आत्यांनी तो कागद घेतला, घडी घालून पोथीत ठेवला.

२१ मार्चला दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवायला गेलो. वडिलार्जित मिळकतीचे विनामोबदला हक्कसोडपत्र भावाच्या नावे असल्याने मुद्रांक दोनशे रुपयांचाच होता. खर्च आला तो वकिलांच्या मसुद्याचा आणि दस्त हाताळणीचा, सगळा मिळून पाच हजारांच्या आत. आमचा क्रमांक दुपारी एकच्या सुमारास आला. फोटो झाला, धाकट्या आत्यांची सही झाली, आणि थोरल्या आत्यांचा अंगठा यंत्र घेईना. चाळीस वर्षे भात लावणे, ऊस भांगलणे, भांडी घासणे यांत त्यांच्या बोटांवरील रेषा झिजून गेल्या होत्या. उजवा अंगठा झाला, डावा झाला, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा झाला. तिथल्या शिपाईमामांनी थोडे खोबरेल तेल आणून दिले. आत्या दर वेळी माझ्याकडे पाहत होत्या, जणू आपल्याचमुळे माझे काम अडले आहे. सातव्या की आठव्या प्रयत्नाला हिरवी खूण उमटली. तुमच्या घरात कष्टाचे हात असलेले वयस्कर माणूस दस्ताला येणार असेल, तर आदल्या रात्री त्यांच्या बोटांना तेल चोळून ठेवा आणि सकाळचा क्रमांक घ्या. दुपारनंतर गर्दीमुळे यंत्रावरच्या माणसालाही सबुरी उरत नाही.

यानंतरचा फेरफार एका महिन्यात व्हायला हवा होता. पण लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, कोल्हापूरचे मतदान ७ मे रोजी होते, आणि कार्यालयातील निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेले होते. आबांच्या एकट्याच्या नावाचे कार्ड २४ मे रोजी हातात आले. हेच काम मी आयईएल्ट्सच्या अभ्यासाबरोबर सप्टेंबरमध्ये सुरू केले असते तर दिवाळीनंतर लगेच संपले असते. मी ज्याला चुकलेला क्रम म्हणते, तो हा.

दरम्यान मार्च ते मे या काळात पाच विद्यापीठांना अर्ज केले. तीन अर्ज युनि-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत होते, पहिल्यासाठी ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकासाठी ३० युरो. उरलेले दोन थेट आणि विनाशुल्क. जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्रायबर्गचे प्रवेशपत्र आले. दोन ठिकाणी नकार आला, दोन ठिकाणांचे उत्तर फार उशिरा आले.

प्रवेशपत्र घेऊन मी गावाला जवळ असलेल्या दुसऱ्या एका बँकेच्या शाखेत गेले, कारण कर्ज राहत्या भागातील शाखेतून घ्यावे असे सगळे सांगत होते. तिथे तीन आठवडे गेले. दर खेपेला एक नवीन कागद सांगितला जाई, आणि शेवटी, गावठाणातील घर आम्ही घेत नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी द्या म्हटल्यावर तेही मिळाले नाही. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोल्हापुरातील त्या पहिल्या शाखेत गेले आणि शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला. पोर्टलवरून केलेल्या अर्जाला क्रमांक मिळतो, त्याची स्थिती दिसते आणि नाकारायचा झाला तरी तिथे कारण नोंदवावे लागते, म्हणून तोंडी चौकशीवर थांबू नये.

पुढचे काम वेगाने झाले, पण सोपे नव्हते. बँकेच्या वकिलांना घराच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल द्यायचा होता आणि आमच्या घराचे खरेदीखत कधी झालेच नव्हते. ग्रामसेवकांनी जुन्या आकारणी नोंदवह्या काढून दिल्या. त्यांतील एका पानावर आजोबांच्या नावापुढे ‘कौलारू, दोन खण’ असे शाईने लिहिलेले होते, त्याची साक्षांकित प्रत अहवालाला जोडली गेली. मूल्यांकन करणाऱ्यांनी घराची किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी धरली, तरी ती कर्जाच्या वर बसली. आबांच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, २०१७ साली फेडून झालेले दुचाकीचे कर्ज चालू दिसत होते; ना-देय दाखला आणून ते दुरुस्त करायला बारा दिवस लागले. सहअर्जदाराचा सिबिल अहवाल आधी स्वतः काढून पाहावा. १२ जुलैला बारा लाखांची मंजुरी आली. व्याजदर साडेदहा टक्क्यांच्या जवळ होता, त्यात मुलींसाठी अर्ध्या टक्क्याची सूट. शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. तोपर्यंत सरळव्याज, तेही जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच. शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणखताचे मुद्रांक आणि नोंदणी मिळून साडेसत्तावीस हजार रुपये गेले. कर्जाचा पहिला रुपया मिळण्यापूर्वी, ऑगस्टपासून माझे एकूण ८३ हजार खर्च झाले होते. कोणी हा आकडा मला आधी सांगितला असता तर बरे झाले असते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आणि गावचा रस्ता पाण्याखाली गेला. रक्कम पाठवण्याच्या अर्जावर आबांची समक्ष सही हवी होती. आबा गावात, मी कारखान्यात अडकलेली, आणि युरोचा दर रोज थोडा हलत होता. पाणी ओसरल्यावर १ ऑगस्टला सही झाली आणि ११,२०८ युरोंसाठी सुमारे १० लाख १७ हजार रुपये गेले: ८ लाख ६४ हजार बँकेचे, उरलेले माझ्या बचतीतून. परदेशी पाठवलेल्या रकमेवर, त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे सात लाखांच्या वर कर्जाच्या भागाला अर्धा टक्का आणि स्वतःच्या पैशाच्या भागाला पाच टक्के कर संकलन झाले, तो साडेआठ हजारांच्या आसपास होता. हे पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मागता येतात. बँकेकडून त्याचा दाखला घ्यायला विसरू नये. हे नियम पुढच्या वर्षीच बदलले, म्हणून आपल्या वर्षाचा नियम बँकेत विचारूनच आकडा धरावा. त्या संध्याकाळी माझ्या खात्यात दोन हजार आठशे रुपये होते.

व्हिसासाठी मुंबईची वेळ ५ सप्टेंबरची मिळाली, त्याआधीची एकही उपलब्ध नव्हती. आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ११,२०८ वरून ११,९०४ युरो झाली. फरक ६९६ युरोंचा, करासह ६८ हजार रुपये, आणि व्हिसाचे ७५ युरो वेगळे. टाटांचे पत्र जुलैअखेर आले होते, चार लाख मंजूर होते, परंतु रक्कम हातात यायला सप्टेंबर उजाडणार होता. आईने कोणाला न विचारता बचत गटाच्या बैठकीत हा विषय मांडला. गटात चौदा बायका आहेत, महिन्याला दोनशे रुपये जमा करतात. त्यांनी त्याच बैठकीत ८० हजार रुपये शेकडा एक रुपया मासिक व्याजाने दिले. इतक्या महिन्यांत मला कोणताही जास्तीचा कागद न मागता मिळालेले हे एकमेव कर्ज होते. इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव आणि चौदा सह्या.

३० सप्टेंबरला पासपोर्ट व्हिसासह परत आला. टाटांची रक्कम त्याआधी आठवडाभर जमा झाली होती. त्यातून गटाचे कर्ज व्याजासह फेडले, ४६ हजारांचे तिकीट काढले आणि एक हजार युरो कार्डावर घेतले. हे हजार युरो अत्यंत आवश्यक असतात. ब्लॉक्ड अकाउंटमधील पहिला हप्ता पोहोचल्यावर लगेच मिळत नाही. आधी नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, मग तिथल्या बँकेत खाते, मग खाते सुरू झाल्याची कळवणी, असा क्रम असतो. मला पहिले ९९२ युरो पोहोचल्यानंतर चोवीस दिवसांनी मिळाले, आणि तोवर खोलीची अनामत, पहिले भाडे आणि आरोग्य विमा यांचे पैसे द्यावे लागले होते.

फ्रायबर्ग लहान आणि स्वस्त गाव आहे. वसतिगृहाची खोली २८० युरोंना मिळाली, विम्याला दीडशेच्या आत लागतात, जेवण घरी केले तर दोनशेंत भागते. त्यामुळे महिन्याला दोन-अडीचशे युरो शिल्लक राहू लागले. गुणवंत विद्यार्थ्यांना महिन्याला ३०० युरो देणारी डॉइचलांड शिष्यवृत्ती राष्ट्रीयत्व पाहत नाही, निम्मी रक्कम केंद्र सरकार आणि निम्मी खासगी देणगीदार देतात. मी अर्ज केला, पहिल्या वर्षी मिळाली नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षा झाल्यावर एका प्राध्यापकांना मी शिरोलीतील दोन वर्षांच्या दोषनोंदींबद्दल पत्र लिहिले आणि एप्रिल २०२५ पासून त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी साहाय्यक म्हणून महिन्याला ४० तासांचे काम मिळाले, त्याचे साडेपाचशे युरोंच्या आसपास येतात. बाहेरच्या कामाला वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, विद्यापीठातील साहाय्यकाचे काम तिच्यात मोजले जात नाही. पहिल्या सत्रात काम मिळेल असे धरून अंदाजपत्रक बांधू नये. विषयातील गुण आणि ओळख व्हायला एक सत्र जातेच.

बँकेने मंजूर केलेल्या बारा लाखांपैकी दुसरा हप्ता मी अजून उचललेला नाही आणि उचलावा लागणार नाही असे दिसते. उचललेल्या रकमेचे महिन्याचे सुमारे ७,२०० रुपये व्याज मी इथून पाठवते. फेडीचे हप्ते ऑक्टोबर २०२७ पासून सुरू होतील. घराची मिळकत पत्रिका आणि हक्कसोडपत्र बँकेच्या कपाटात आहेत. थोरल्या आत्या रविवारी फोन करतात, थंडी किती आहे ते विचारतात, जेवलीस का विचारतात, आणि मग, “कागद कवा सुटायचा गं?” गेल्या रविवारी मी त्यांना वहीतून वाचून दाखवले की नोकरी लागल्यावर महिन्याला इतके भरले तर २०३० च्या दिवाळीला. आत्या म्हणाल्या, “मग तवर तेल लावतो बोटाला.”